चोपन्न अंड्यांवर बसलेली बॅटरी

मी बॅटरी बोलतेय. हातात धरून विहिरीत डोकावतात ती नव्हे, ती आमची लांबची चुलत बहीण. मी लिथियम आयर्न फॉस्फेटची, बारा व्होल्टची, शंभर ॲम्पिअर-तासांची. नाव ऐकूनच लोक दचकतात, म्हणून साधं सांगते: तुमच्या घरातल्या मीटरच्या हिशेबानं माझ्या पोटात सव्वा युनिट वीज मावते. एवढ्याशा सव्वा युनिटावर मी किती मिजास केली आणि भर श्रावणात खुडूक कोंबडीसारखी अंडी उबवत कशी बसले, तेच सांगायला आज तोंड उघडलंय.

माझा जन्म चाकणकडच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. चार सेल ओळीत बसवले, वर बीएमएस नावाची एक पाटी जोडली, झाकण लावलं आणि कायमचं सील केलं. बीएमएस म्हणजे माझ्या अंगातली सासू. जास्त भरलं की ती म्हणते पुरे, जास्त उपसलं की म्हणते बंद. आणि तिनं बंद म्हटलं की मी आत कितीही धडधाकट असले तरी बाहेरच्याला मढंच वाटते. बाकी माझ्यात खोड काढायला जागा नाही. पाणी घालायला नको, वाफ नाही, ॲसिडचा वास नाही, वजन अवघं बारा किलो. अशी मुलगी कुठल्या घराला नको असेल?

मला पसंत केलं लोणावळ्याच्या निजाम तांबोळीनं. निजाम गाड्यांच्या वायरिंगची कामं करतो. एका जुन्या मिनीबसची त्यानं घरगाडी केली होती. आत पलंग, ओटा, छोटा फ्रिज आणि टपावर सोलर पॅनल. ही गाडी वलवणला मित्राच्या मोकळ्या प्लॉटवर उभी करायची आणि पाहुण्यांना एक-दोन दिवस राहायला द्यायची, असा त्याचा धंदा. पाहुण्यांचा नाश्ता त्याची बायको नजमा बनवायची. माझी जागा पलंगाखाली होती, त्यामुळे माणसांबद्दलचं माझं बरंचसं ज्ञान खालून वर बघून झालेलं आहे.

पाहुणे निसर्गात राहायचं म्हणून मुंबईहून येतात आणि दार उघडल्या उघडल्या प्लग शोधतात. धुकं बघून पाच मिनिटं "वा वा" करतात, मग ते धुकं केसांना लागलं म्हणून अर्धा तास केस वाळवतात. एका साहेबांनी तर धबधब्याचा आवाज ऐकायला म्हणून स्पीकर लावला होता. खरा धबधबा खिडकीतून दिसत होता. पण मी कुरकुर केली नाही. दिवसा ऊन प्यायचं, संध्याकाळी लाड पुरवायचे. मला वाटायचं, आपण फार वरच्या दर्जाचं काहीतरी आहोत.

मग जुलैच्या अखेरीला गाडीचा गिअरबॉक्स गेला. गाडी उघडून पडली आणि मी पलंगाखाली नुसती लोळत राहिले. त्याच दिवसांत बेडशाहून शालूबाईंचा फोन आला.

शालूबाई आणि त्यांचे यजमान हौशीराम हे बेडशाच्या लेण्यांखालच्या एका वस्तीत राहतात. भाताची खाचरं आहेत, एक जुना ट्रॅक्टर आहे. त्या ट्रॅक्टरची वायरिंग वर्षानुवर्षं निजामच बघतो, म्हणून ओळख. शालूबाईंकडे बावीस गावरान कोंबड्या होत्या. त्यांच्या लग्नात आईनं दोन तलंगा, म्हणजे अंड्यावर यायच्या कोवळ्या कोंबड्या, दिल्या होत्या, त्यांचीच ही पिलावळ, चाळीस-पंचेचाळीस वर्षं चालत आलेली. बाजारातली कोंबडी त्यांनी खुराड्यात कधी घेतली नाही. आणि ती सगळी पिलावळ एका बुधवारी दुपारी कुत्र्यांनी फाडली. शेजारच्या टेकडीवरचे बंगलेवाले शनिवार-रविवार कुत्र्यांना बिस्किटं खाऊ घालतात आणि सोमवारी गेटला कुलूप लावून जातात. तेव्हापासून उपाशी राहिलेल्या कुत्र्यांना काय दोष द्यायचा? शालूबाई खाचरातून घरी येईपर्यंत अंगणात नुसती पिसं उरली होती.

उरली फक्त अंडी. तीही श्रावणामुळे. श्रावण लागला की वस्तीत कुणी अंड्याला शिवत नाही, त्यामुळे आठवडाभराची अंडी विकली न जाता कोंड्याच्या टोपलीत साठली होती. मोजली तर चोपन्न. ती उबवायला कोंबडी नव्हती आणि आसपास कुणाकडे त्या वेळी खुडूकही नव्हती.

"निजामभाऊ, कायबी कर, पण ही अंडी फुटाय पायजेत," शालूबाई फोनवर म्हणाल्या. "न्हाईतर माज्या आयची कोंबडी संपली बग."

निजामनं एक बंद पडलेला फ्रिज घेतला, त्यात दोन बल्ब, एक छोटा पंखा आणि उष्णता साडेसदतीस अंशांवर धरून ठेवणारा स्विच बसवला. ज्या कपाटात लोक अंडी थंड करतात त्यात आता ती उबणार होती. वीज गेली तर आधाराला म्हणून त्यानं मला, माझ्या इन्व्हर्टरला आणि एका पॅनलला उचललं आणि गुरुवारी सकाळी बेडशाला आणून सोडलं. महिन्याभराचा वायदा होता. गाडी दुरुस्त झाली की तो मला परत नेणार होता.

हौशीरामांनी मला एका हातानं उचललं आणि त्यांचं तोंड पडलं.

"निजाम, तुला फसवलं रं. ही पोकळ हाय."

"आबा, पोकळ नाही, हलकी आहे."

"हलकी म्हंजेच पोकळ. आमच्या ट्रॅक्टरची उचलून बग, कंबर धरती." मग त्यांनी मला फिरवून फिरवून बघितलं. "पानी कुटनं घालायचं? मी दर अवसंला ट्रॅक्टरच्या बॅटरीला पानी घालतो."

"हिला पाणी लागत नाही, आबा."

"पानी लागत न्हाई असा जीव हाय का जगात?" हौशीरामांनी विचारलं आणि निजाम वायरी जोडायला लागला.

ट्रॅक्टरची ती बॅटरी पडवीच्या पलीकडे, ट्रॅक्टरमध्येच होती. शिशाची, म्हातारी, टोकांवर पांढरा क्षार चढलेला. मी तिच्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. आपण लोणावळ्याच्या, ती खेडवळ, असा माझा तोरा होता.

शालूबाईंनी प्रत्येक अंड्यावर कोळशानं एका बाजूला फुली काढली आणि दिवसातून तीनदा अंडी फिरवायला सुरुवात केली. सातव्या दिवशी विजेरी लावून बघितलं तेव्हा नऊ अंडी रिकामी निघाली. उरली पंचेचाळीस. बाकीच्यांत लाल रेषा दिसत होत्या. शालूबाईंनी हौशीरामांना बोलावून दाखवलं. हौशीराम म्हणाले, "व्हय, हाय कायतरी," आणि विडी ओढायला बाहेर गेले. पंधरा दिवस असेच गेले. मला काडीचं काम नव्हतं. वीज नियमित होती आणि मी भरल्या पोटी आडवी होते.

पंधराव्या दिवशी, शुक्रवारी, वाऱ्यानं एक आंब्याचं झाड तारांवर पडलं आणि डीपी, म्हणजे वस्तीचा ट्रान्सफॉर्मर, जळाली. वायरमन येऊन बघून गेला आणि बुधवारशिवाय काही होणार नाही म्हणाला. शालूबाईंनी निजामला फोन केला.

"मावशी, फक्त मशीन लावा, दुसरं काहीही नाही," निजामनं बजावलं. "धुकं आहे, पॅनलवर थोडंफारच येईल. पण मशीनपुरतं वापरलंत तर बुधवार गाठाल."

म्हणजे हिशेब अगदी काटेकोर होता आणि तो माझ्या जिवावर होता. मी कंबर कसली. पहिल्यांदाच कुणाचे केस वाळवायचे नव्हते.

शनिवारी सकाळी शेजारच्या रतनबाई मोबाईल घेऊन आल्या. "शालू, जरा लाव गं, पुन्याला पोरगी बाळंत व्हायची हाय." त्याला कोण नाही म्हणणार? मग त्यांचा दुसरा मोबाईल आला. मग पलीकडच्या घरचे बाजीराव आले, त्यांच्या मोबाईलबरोबर गाणी ऐकायचा डबाही आला. दुपारपर्यंत वस्तीतल्या तेरा घरांतले मोबाईल माझ्यापुढे रांगेत होते. शालूबाई प्रत्येकाला "निम्मा व्हऊंद्या अन् काडा" म्हणायच्या आणि प्रत्येक जण पूर्ण भरूनच न्यायचा. मोबाईल म्हणजे घोटभर वीज. पण तेरा घरांचे घोट दोन दिवस मोजले तर घागर होते. तरीही रविवारी संध्याकाळी माझ्यात अर्ध्याहून थोडी कमी वीज शिल्लक होती. ओढून-ताणून निभलं असतं.

मग सोमवार उजाडला. श्रावणातला शेवटचा सोमवार, आणि हौशीरामांना अंघोळ करून महादेवाला जायचं होतं. सरपण भिजलेलं, चूल धुमसत होती. शालूबाईंनी सांगितलं, आज गार पाण्यानं उरका, अन् खाचरात गेल्या. हौशीरामांनी बादलीत बोट बुडवलं आणि लगेच काढलं. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. मग फळीवरून पाणी तापवायचा रॉड काढला आणि माझ्या इन्व्हर्टरला लावला.

एक हजार वॅटचा रॉड! मी आतून ओरडत होते, पण बॅटरीचं ओरडणं कुणाला ऐकू येतं? पंचवीस मिनिटांत त्या माणसानं मशीनची जवळजवळ दिवसभराची ऊब आपल्या पाठीवर ओतून घेतली. वर "हर हर महादेव" म्हणाला. महादेवानं डोळे मिटून घेतले असतील अशी माझी समजूत आहे. अंघोळ झाल्यावर रॉड परत फळीवर, बादली उपडी, आणि हौशीराम धोतर सावरत देवळाकडे.

अकराच्या सुमाराला माझी सासू म्हणाली, बंद. आणि बंद झालं.

फ्रिजमधले बल्ब विझले, पंखा थांबला. शालूबाई खाचरातून आल्या आणि दारातच थबकल्या. पंख्याची घरघर ऐकू येत नव्हती. त्यांनी फ्रिजचं दार न उघडता बाहेरून तळहात लावला. दारावरच्या उष्णतामापकाचा काटा छत्तिसावर आला होता. त्यांनी गोधडी आणून फ्रिजला गुंडाळली, दुसरी आणली, तीही गुंडाळली. धुमसत्या चुलीवर पाणी ठेवलं. रतनबाई धावत येऊन आपल्या घरच्या कोरड्या गोवऱ्या घालून गेल्या. लेणी बघायला येणाऱ्यांनी फेकलेल्या थंड पेयांच्या बाटल्यांत गरम पाणी भरून शालूबाईंनी त्या अंड्यांच्या कडेनं लावल्या. तेवढ्यातही काटा चौतिसावर गेला. मग त्या माझ्याजवळ येऊन बसल्या, माझ्या झाकणावर हात ठेवला आणि रडल्या. "कालपातूर जिती व्हतीस गं," म्हणाल्या. मी जितीच होते. पण सांगणार कसं? आयुष्यात इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

हौशीराम परत आले. कपाळाला भस्म, हातात बेलाचं पान. गोधडीत गुंडाळलेला फ्रिज बघून त्यांना सगळं कळलं, आणि मी आणि ते सोडून हे का झालं ते कुणालाच ठाऊक नाही, असं मला वाटलं. अपराधी माणूस फार झटपट कामाला लागतो. त्यांनी लगेच बॅटरीच्या पाण्याची बाटली आणली.

"अवस जवळ आलीया. पानी आटलं असंल हिचं. मी म्हनलंच व्हतं." त्यांनी मला चारी अंगांनी चाचपलं. "बुचं कुटं हायेत हिची? बुचंच न्हाईत." मग आत गेले आणि हातानं फिरवायचं ड्रिल घेऊन आले. "भोक पाडतो अन् घालतो."

ड्रिलचं टोक माझ्या झाकणाला टेकलं. तेवढ्यात शालूबाईंनी त्यांचा हात धरला. "थांबा. आदी निजामला इचारते." फोन तुडुंब भरलेला होता, माझ्याच विजेनं.

"मावशी, ते घर्रघर्र कशाचं?" निजामनं पहिलं हेच विचारलं.

"त्येंनी ड्रिल घेतलंया."

"आबांना सांगा ड्रिल खाली ठेवा. आधी खाली ठेवा, मग बोलू." हौशीरामांनी ठेवलं. "ती मेलेली नाही, मावशी. पार रिकामी झालीय म्हणून झोपलीय. आणि पॅनलनं उठायची नाही, कारण सोलरचा कंट्रोलर आधी बॅटरीत जीव दिसला तरच वीज सोडतो. तिला दुसऱ्या बॅटरीनं हात द्यायला लागेल."

"दुसरी कुटनं आनू?"

"ट्रॅक्टर आहे ना. पडवीला लावा. लाल वायर दोघींच्या प्लसला, काळी दोघींच्या मायनसला. आणि मशीन नुसतं म्हातारीवर लावू नका, ती दोन तासांत बसेल आणि ट्रॅक्टरपण चालू होणार नाही. हिला उठवा, मग थोडा थोडा वेळ इंजिन चालवून हिला भरत राहा."

ट्रॅक्टर पडवीला आला. हौशीरामांनी क्षार खरवडला आणि वायरी जोडल्या. ज्या म्हातारीकडे मी पंधरा दिवस पाठ करून बसले होते तिनं एका क्षणात, काही न बोलता, आपल्यातली वीज माझ्या अंगात सोडली. मी टक्क जागी झाले. बल्ब लागले, पंखा फिरला. शालूबाईंनी पदरानं डोळे पुसले आणि काट्याकडे बघत बसल्या. पस्तीस. छत्तीस. तासाभरानं साडेसदतीस.

त्यानंतर दोन दिवस हौशीराम ट्रॅक्टरवर बसून होते. अर्धा तास इंजिन चालू, तासभर बंद. डोक्यावर इरलं, अंगावर घोंगडं. बाजीराव डिझेलचा कॅन घेऊन आले आणि गाणी ऐकायचा डबा घरीच ठेवून आले. येणारा-जाणारा विचारायचा, "आबा, पेरनी न्हाई, नांगर न्हाई, मग बसलायसा कशाला?" हौशीराम म्हणायचे, "अंडी उबवतोय." या एका वाक्यासाठी मी त्यांना निम्मं माफ केलं.

बुधवारी संध्याकाळी डीपी आली. गुरुवारी, भाद्रपदाच्या पहिल्या दिवशी, पहिलं कवच टिचलं. दुपारपर्यंत एकतीस पिल्लं बाहेर आली. चौदा अंडी मात्र गारच राहिली. शालूबाईंनी त्यांतलं एकेक कानाला लावून बघितलं, मग टोपलीत घालून परसात पुरून आल्या. पुन्हा येऊन पिल्लांपुढे बसल्या तेव्हा त्या हसतही होत्या आणि रडतही होत्या. त्याच वेळी बाजीरावांनी दारातून हाक मारली, "मावशी, सरावण संपला. अंडी हायेत का इकायला?" त्यांना शालूबाईंनी काय फेकून मारलं ते मला पलीकडून दिसलं नाही, पण आवाज स्टीलचा होता.

पिल्लं तीन आठवड्यांची झाल्यावर शालूबाईंनी एक पाटी घेतली आणि वस्तीतल्या तेरा घरांत दोन-दोन पिल्लं वाटून आल्या. नर निघतात की मादी हे ज्याच्या त्याच्या नशिबावर. हौशीरामांनी हिशेब केला आणि चिडले.

"ज्येंनी मोबाईल लावून बॅटरी रिकामी केली त्येंनाच वाटतीस व्हय?"

"एका खुराड्यात ठिवली व्हती म्हनून एका दुपारी गेली," शालूबाई म्हणाल्या. "आता कुत्री आली तर किती घरं हिंडत्याल? माजी मेली तर रतनाच्या घरनं आनीन. अन् मोबाईलचं म्हनाल तर..." त्यांनी पाटी खाली ठेवली. "सोमवारी देवळाकडं जाताना तुमच्या पाठीतनं वाफ निघत व्हती. मी खाचरातनं बघितली. गार पान्याची वाफ निघत न्हाई."

हौशीराम उठले. फळीवरचा रॉड काढून त्यांनी शालूबाईंपुढे ठेवला आणि खुराड्याला नवी जाळी बसवायला घेतली.

दुसऱ्या दिवशी निजाम आला. गाडी दुरुस्त झाली होती. मला वाटलं, आता शालूबाई अडवतील. मी नसले तर मशीन कशावर चालणार? आपण फार महत्त्वाच्या झालो आहोत, या समजुतीत मी होते.

"ने बाबा," शालूबाई म्हणाल्या. "अन् ह्यो फ्रिजबी ने. आता नगं लागायचा. ही दोन पिल्लं नजमाला दे. खायची न्हाईत म्हनावं, वाडवायची."

मला वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू? पंचेचाळीस जीव पोटाशी धरले होते आणि बाईनं "ने बाबा" एवढ्यात निकाल लावला. निजामनं मला उचललं, तेवढ्यात त्या पुन्हा आत गेल्या आणि तबक घेऊन आल्या.

"थांब. लेक चाललीया, मोकळ्या वटीनं कशी धाडू?"

त्यांनी माझ्या झाकणावर हळद-कुंकू लावलं, खणाचा तुकडा अंथरला, त्यावर तांदूळ, हळकुंड, सुपारी आणि नारळ ठेवला. वर एक रुपयाचं नाणं ठेवायला गेल्या तसा निजाम ओरडला, "मावशी, नाणं नको! धातू नको वर!" आणि त्यानं ते झडप घालून स्वतःच्या खिशात टाकलं. एका नाण्यानं काही झालं नसतं. पण त्याची ही काळजी मला हौशीरामांच्या ड्रिलपेक्षा बरी वाटली.

आता मी पुन्हा वलवणला, गाडीत पलंगाखाली आहे. केस वाळतात, स्पीकर वाजतो, पाहुणे निसर्ग बघून प्लग शोधतात. तुम्हीही कधी आलात तर एवढंच करा: मी गप्प झाले तर मेले समजू नका, आणि माझ्या जोरावर पाणी तापवू नका. बाकी माझं काही मागणं नाही.

परवा एका बाईंची अंगठी पलंगाखाली घरंगळली. ती शोधायला त्या वाकल्या आणि मोबाईलचा उजेड माझ्यावर पडला.

"अहो भाऊ, या बॅटरीला हळद-कुंकू कुणी लावलं? आणि हे तांदूळ?"

निजाम ओट्यापाशी नळ दुरुस्त करत होता. त्यानं वळूनही बघितलं नाही.

"राहू द्या ताई, पुसू नका," तो म्हणाला. "माहेरी गेली होती."